मिशीआडचं बोलणं

ज्या बैठकीला आपण हजर नसतो, त्याच बैठकीत आपली नेमणूक होते, हे सुधन्वा चौबळांना एकतीस वर्षांच्या नोकरीत पुरेपूर ठाऊक झालं होतं. तरीही ते एका दिवसाची किरकोळ रजा घेऊन फरीदाबादला मेहुण्याच्या घरी सत्यनारायणाला गेले, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पाहतात तर टेबलावर आदेश. ‘स्व-शोध व सहकारी-मार्गदर्शन यांद्वारे समानुभूती व समावेशन’ हा सहा आठवड्यांचा उपक्रम कार्यालयात राबवायचा असून समन्वयक म्हणून विभाग अधिकारी श्री. चौबळ यांना नेमण्यात येत आहे. त्यांची संमती गृहीत धरलेली होती. प्रसादाचा शिरा अजून पोटात होता, तोवर हे.

चौबळ केंद्र सरकारच्या अशा एका कार्यालयात होते, ज्याचं नाव सांगितलं की समोरचा माणूस ‘अच्छा’ म्हणतो आणि विषय बदलतो. खोली क्रमांक २१४. हाताखाली नऊ माणसं. राहायला लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, फाइल अडवली तर नियमाने अडवणारा. अशा माणसाला समानुभूती शिकवायला लावणं म्हणजे काय, हे सरकारलाच ठाऊक.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला विचारलं, “सुकन्या, सहानुभूती आणि समानुभूती ह्यांत नेमका फरक काय गं?”

सुकन्या दिल्लीत जन्मलेली, दिल्लीतच कॉलेजात शिकणारी. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, “बाबा, यार, मराठीत बोला ना.”

“मराठीतच बोलतोय.”

“मग हिंदीत बोला.”

प्रशिक्षणासाठी गुरुग्रामहून चेतना नावाच्या एक तरुण बाई आल्या. त्यांच्याजवळ रंगीत खडूंची पेटी होती, आणि त्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी थांबून श्वास घ्यायच्या, म्हणजे आपल्यालाही आत कुठे काही होतंय का ते बघायला सवड मिळावी. पहिला पाठ स्व-शोधाचा. ‘मी कोण आहे’ यावर दहा वाक्यं लिहा. चौबळांनी तीन मिनिटांत दहा वाक्यं लिहिली. नाव, हुद्दा, कर्मचारी क्रमांक, वेतनश्रेणी, खोली क्रमांक, क्वार्टर क्रमांक, रक्तगट असं सगळं नीट लिहून खाली तारीख आणि सही.

चेतनाबाईंनी कागद वाचला, श्वास घेतला. “सर, बहुत अच्छा. अब इसमें से नाम, पद, नंबर और पता निकाल दीजिए.”

ते काढल्यावर कागदावर रक्तगट उरला. तोही त्यांनी काढायला लावला. बाकीची सत्तावीस माणसं माना खाली घालून काय काय लिहीत होती देव जाणे. चौबळांनी बराच विचार करून, मिशीवरून बोटं फिरवत एक वाक्य लिहिलं, ‘मी मिशी ठेवतो.’ चेतनाबाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आता गंमत म्हणजे ते वाक्य खरंच होतं. बाविसाव्या वर्षी दिल्लीत नोकरीवर रुजू झाले तेव्हापासूनची ती मिशी. जाड, भरदार, वरचा ओठ पुरता झाकून खालच्याच्या काठापर्यंत आलेली. हुद्दे बदलले, क्वार्टर बदललं, मंत्री तर विचारायलाच नको. मिशी तीच.

घरी उरलेली नऊ वाक्यं बायकोने, उत्तराताईंनी, सुचवली. ती त्यांनी लिहिली नाहीत.

दुसरा पाठ सहकारी-मार्गदर्शनाचा. एका स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या होत्या. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाची चिठ्ठी उचलायची, आणि सहा आठवडे दर बुधवारी तीन ते चार त्या माणसाबरोबर बसायचं. चौबळांना चिठ्ठी आली भानुमतीची. भानुमती त्यांच्याच विभागातली, आवक-जावक सांभाळणारी लिपिक. वय चाळिशीच्या आत, जन्मापासून बहिरी. या मजल्यावर आठ वर्षं, आणि चौबळांच्या हाताखाली तीन. चौबळांनी मनाशी ठरवून टाकलं की मार्गदर्शन आपण करायचं आणि ते तिने घ्यायचं. चेतनाबाई म्हणाल्या होत्या, की दोघंही एकमेकांचे मार्गदर्शक असतात. पण असं म्हणायची पद्धत असते. लग्नातही ‘आमच्या मुलीला सांभाळून घ्या’ म्हणतात, आणि मग कोण कुणाला सांभाळतं ते दिसतंच.

पहिल्या बुधवारी चौबळ कोरी वही घेऊन बसले. समोरच्याला ऐकू येत नसेल तर लिहावं, आणि लिहायचं म्हटलं की त्यांना एकच प्रकार येत होता. त्यांनी हिंदीत लिहिलं, ‘विषय : सहकारी-मार्गदर्शन. आपण आपल्या अडचणी मुद्देसूद कळवाव्यात.’ खाली सही करून वही पुढे सरकवली.

भानुमतीने वाचलं. मग त्याच्याच खाली, स्वच्छ वळणदार अक्षरात, मराठीत लिहिलं, ‘मराठीत लिहिलंत तरी चालेल. माझे वडील कोरेगावचे. फरीदाबादला कारखान्यात होते.’

चौबळ चाटच पडले. दिल्लीत माणसाचं आडनाव शाळेच्या दाखल्यावरच गळून पडतं, त्यामुळे हजेरीपटावर ती नुसती ‘भानुमती’ होती. मराठी माणूस मिळत नाही म्हणून ते मजल्यावरच्या एका बंगाली सहकाऱ्याला गाठून मराठी माणसांबद्दल बोलायचे, आणि चाळीस फुटांवर साताऱ्याची मुलगी बसलेली होती.

त्यांनी लिहिलं, ‘हे पूर्वी का कळवले नाही?’

तिने लिहिलं, ‘पूर्वी लिहायला कुणी वही पुढे केली नव्हती.’

हा टोमणा आहे की माहिती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना. मग तिने अडचणी लिहिल्या, मुद्देसूद. एक, बोलताना तुम्ही फाइलीकडे बघता. दोन, तोंडासमोर हात धरता. तीन, बडीशेप चघळत बोलता. चार, मिशी.

चौथ्या मुद्द्याला क्रियापदसुद्धा नव्हतं. चौबळांनी लिहिलं, ‘मुद्दा क्र. ४ स्पष्ट करावा.’

‘मी ओठ वाचते,’ तिने लिहिलं. ‘तुमचे ओठ मी अजून पाहिलेले नाहीत.’

त्या संध्याकाळी चौबळ घरी पोचले तेव्हा फार दुखावलेले होते. पहिले तीन मुद्दे त्यांना मान्य होते. पण उपक्रम सरकारचा, मिशी खाजगी. शेजारच्या क्वार्टरात मुलाकडे राहणारे अण्णासाहेब चहाला आले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी प्रत्येक गोष्टीवर त्यांचा शेरा तयार असायचा.

“चौबळ, हे आज मिशी मागतायत,” अण्णासाहेब म्हणाले, “उद्या भुवया मागतील. मधला मार्ग काढा. कोरून घ्या.”

“मी तर म्हणते, उतरवाच,” उत्तराताई म्हणाल्या. “सत्तावीस वर्षांत तुमचे ओठ मी तरी कुठे पाहिलेत.”

चौबळांनी मधला मार्ग काढला. मिशी निम्मी केली. पुढच्या बुधवारी त्यांनी वर बघून, हात खाली ठेवून, बडीशेप न खाता चार वाक्यं बोलून दाखवली. भानुमतीने अगदी लक्ष देऊन पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘आता अर्धं कळतं. पण पहिलं अर्धं की दुसरं, ते सांगता येत नाही.’

आता इतकं झाल्यावर मागे फिरणं शक्य नव्हतं. अर्धवट मिशी घेऊन ते आधीच कुणासारखे दिसत नव्हते. रविवारी सकाळी न्हाव्याकडे जाऊन त्यांनी ती साफ उतरवली. घरी आले तर उत्तराताई दार उघडून उभ्याच राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “अहो, तुमचा वरचा ओठ तुमच्या पुण्याच्या आत्यांसारखा आहे.” आणि आत जाऊन पदर तोंडाला लावून हसत बसल्या. चौबळांचा त्या आत्यांशी पंधरा वर्षं अबोला होता.

पण खरी मजा सोमवारी झाली. या बाजूला घरातलं वडीलधारं माणूस गेलं की पुरुष मिशी उतरवतात, हे चौबळांना माहीत होतं. ऐनवेळी मात्र ते लक्षात आलं नाही. फाटकावरचा रखवालदार त्यांना पाहून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली. लिफ्टमध्ये दोघांनी खांद्यावर हात ठेवला. हजेरी कक्षाचा राजवीर, रोहतककडचा भला धिप्पाड गडी, हात जोडून हळू आवाजात म्हणाला, “सर, पिताजी?”

“हो, म्हणजे गेलेत,” चौबळ म्हणाले. “पण दोन हजार नऊ साली.”

राजवीरला वाटलं, धक्क्याने साहेबांना तारखांचं भान राहिलेलं नाही. त्याने त्यांना खुर्चीवर बसवून पाणी दिलं. उपसचिव मॅडमनी दौऱ्यावर निघता निघता निरोप ठेवला, की चौबळांनी हवी तेवढी रजा घ्यावी, कार्यालय त्यांच्या दुःखात सहभागी आहे. दुपारपर्यंत त्यांनी चौदा जणांना खुलासा केला. त्यातल्या नऊ जणांनी खुलाशाबद्दलही सहानुभूती दाखवली. ती समानुभूती होती की नुसतीच सहानुभूती, ते बघण्याच्या मनःस्थितीत समन्वयक नव्हते.

आणि हजेरीचं यंत्र. या यंत्रासमोर चेहरा धरायचा, ते हिरवी चौकट दाखवायचं, आणि दिवस सरकारच्या खाती लागायचा. त्या सोमवारी यंत्राने लाल चौकट दाखवली. चौबळांनी चेहरा डावीकडे केला, उजवीकडे केला, तर्जनी आडवी करून ओठावर मिशीच्या जागी धरून पाहिली. लालच.

राजवीर म्हणाला, “सर, आप तो आप ही हो. पर मशीन नहीं मान रही.”

“मग नवीन नोंद करा.”

नवीन नोंद करायला अर्ज होता. अर्जाला ओळखपत्र हवं होतं, आणि चौबळांच्या प्रत्येक ओळखपत्रावर मिशी होती. मग एक दाखला चालत होता, की अर्जदार हाच तो इसम होय. हा दाखला संबंधित विभाग अधिकाऱ्याने द्यायचा. खोली २१४ चे विभाग अधिकारी चौबळ.

“मीच देतो,” चौबळ म्हणाले.

“आप कैसे दोगे सर,” राजवीर अगदी मनापासून म्हणाला. “आप कौन हो, यही तो पता करना है.”

वरचा अधिकारी म्हणजे उपसचिव मॅडम, त्या अकरा दिवस दौऱ्यावर. अकरा दिवस चौबळ रोज साडेनऊला येऊन सहापर्यंत फाइली काढत होते आणि रोज गैरहजर लागत होते. इतकी वर्षं वेळेवर आलेला माणूस. काही न करता हजर लागणारे पुष्कळ त्यांनी पाहिले होते. काम करून गैरहजर लागणारे ते पहिलेच असावेत.

या सगळ्या वैतागात बुधवार तेवढा बरा जात होता. मिशी गेल्यावरच्या पहिल्या बुधवारी त्यांनी नुसतं विचारलं होतं, “कशा आहात?” आणि भानुमतीने वहीला हात न लावता मान हलवून, हाताने ‘छान’ अशी खूण केली होती. चौबळांना स्वतःचंच आश्चर्य वाटलं. त्यांचं बोलणं कुणापर्यंत इतक्या सहज पोचल्याला बरेच दिवस झाले होते. घरीसुद्धा. मग ती त्यांना खुणांची भाषा शिकवू लागली, आणि ते शाळकरी पोरासारखे घरी जाऊन गृहपाठ करू लागले. हनुवटीपासून हात पुढे नेऊन ‘धन्यवाद’ कसं म्हणायचं ते त्यांनी लिफ्टमध्ये घोटून पाहिलं, तेव्हा समोर उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थाने बाह्या सरसावल्या. पण शिकणाऱ्याने असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

चौथ्या बुधवारी भानुमतीने खणातून एक प्लास्टिकची फाइल काढली. आत तीन कागद होते. तिचे तीन वर्षांचे मूल्यमापन अहवाल. तिने बोट ठेवलं. ‘तोंडी सूचनांचे पालन समाधानकारक नाही. पुनपुन्हा सांगावे लागते.’ तिन्ही वर्षी तेच वाक्य. पहिल्या वर्षी ‘पुनःपुन्हा’ लिहिताना झालेली शुद्धलेखनाची चूक पुढची दोन वर्षंही जशीच्या तशी उतरली होती. खाली सही सु. वि. चौबळ.

त्या वाक्यामुळे वरिष्ठ लिपिकाच्या बढतीत ती दोनदा मागे राहिली होती. तिच्यानंतर आलेले दोघं पुढे गेले होते.

चौबळांना आधी तिचाच राग आला, की हे इतके दिवस खणात ठेवून ही आपल्याला ‘धन्यवाद’ शिकवत होती. मग चेतनाबाईंचा आला. मग अहवालाच्या नमुन्याचा, ज्यात तोंडी सूचनांचा रकाना होता पण कानांचा नव्हता. राग काढायला एकेक माणूस शोधत शोधत ते शेवटी स्वतःपाशी येऊन पोचले.

त्यांनी वहीत लिहिलं, ‘पंधरा दिवसांत हरकत नोंदवता येते. तुम्ही नोंदवली का नाही?’

भानुमतीने त्यांच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं, ‘पंधरा दिवसांची मुदत तुम्ही तोंडी सांगितली होती.’

त्या दिवशी चार वाजून गेले तरी चौबळ उठले नाहीत.

त्यांनी एक पत्र लिहायचं ठरवलं. तिन्ही वर्षांचा शेरा मी माझ्या चुकीच्या समजुतीने लिहिला, तो काढून टाकावा, आणि हरकतीला झालेला उशीर माफ करावा. घरी हे सांगितल्यावर उत्तराताई हातातलं काम ठेवून शेजारी येऊन बसल्या. त्या काम ठेवतात म्हणजे विषय गंभीर असतो.

अण्णासाहेब मात्र खुर्चीत पुढे सरकून बसले. “चौबळ, सरकारी नोकर चूक करतो. मीही केल्यात. पण लिहून देत नाही.”

“ती चूक त्या बाईच्या नावावर लिहिलेलीच आहे, अण्णासाहेब. माझ्याच अक्षरात.”

“तुमची बढती यादीत आहे ना या वर्षी? अवर सचिव व्हायचंय ना? मग? अहो, बाई इतकी वर्षं थांबलीय, आणखी एक वर्ष थांबेल.”

अण्णासाहेब दुष्ट नव्हते. हे वाक्य तीन आठवड्यांपूर्वी चौबळांनीही सहज उच्चारलं असतं, आणि म्हणूनच ते त्यांना ऐकवेना. अण्णासाहेब गेल्यावर उत्तराताई म्हणाल्या, “पाठवायचं असेल तर उद्याच पाठवा. परवापर्यंत तुम्ही त्याला मधला मार्ग काढाल.”

दुसऱ्या दिवशी पत्र गेलं. आणि चार दिवसांनी आक्षेप घेऊन परत आलं. पत्रावर ज्या दिवसाची सही आहे, त्या दिवशी सदर अधिकारी यंत्राच्या नोंदीप्रमाणे कार्यालयात उपस्थित नव्हते. सबब स्वाक्षरीची खात्री पटत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा लेखी चूक कबूल करायला निघावं, आणि सरकारने म्हणावं की तुम्ही इथे नव्हताच. चौबळ पत्र घेऊन राजवीरकडे गेले, मॅडमच्या खोलीकडे गेले (त्या दौऱ्यावरून परस्पर रजेवर गेल्या होत्या), आणि शेवटी खोली २१४ मध्ये येऊन हताश होऊन बसले. भानुमतीने लांबून पाहिलं. आली, पत्र वाचलं, आक्षेप वाचला. मग आपल्या टेबलाकडे जाऊन आवक-जावकचं जाडजूड रजिस्टर उचलून आणलं.

तिच्या हातून चौबळांकडे जाणारा प्रत्येक कागद त्या रजिस्टरात चढायचा, आणि तो मिळाल्याची त्यांची सही, वेळ घालून, शेजारी असायची. त्या अकरा दिवसांतल्या त्रेसष्ट सह्या होत्या. तिने प्रत्येक पानाला पिवळी चिठ्ठी लावली, रजिस्टर छातीशी धरून राजवीरच्या कक्षात गेली आणि त्याच्या टेबलावर ठेवलं. राजवीरने पानं उलटली. नऊ बेचाळीस. अकरा दहा. चार पंचावन्न. सही सगळीकडे तीच, त्या यंत्राला न पटलेल्या चेहऱ्याच्या, वेलांटी लांब ओढणाऱ्या माणसाची.

“मॅडमजी,” राजवीर तिच्याकडे नीट तोंड करून, सावकाश म्हणाला, “मशीन फेल, रजिस्टर पास.” कुणी न शिकवता त्याला ते जमलं, हे चौबळांना जरा लागलं.

अकरा दिवस हजर झाले, पत्र ग्राह्य झालं, आणि उशीर माफ करायचा की नाही हे ठरवायला तीन जणांची समिती बसली. तोवर उपक्रमाचे सहा आठवडे संपून प्रमाणपत्रंही वाटून झाली होती. समितीपुढे भानुमतीसाठी खुणांचा दुभाषा येणार होता. त्याची सोय समन्वयकाने, म्हणजे चौबळांनीच, तीन पत्रं लिहून केली होती. दुभाषा आलाही. पण फाटकावरचा पास मंगळवारचा निघाला आणि बैठक गुरुवारी होती. मंगळवारचा पास घेऊन गुरुवारी आत सोडायला रखवालदार तयार होईना.

उपसचिव मॅडम अध्यक्ष होत्या. घड्याळ बघून त्या म्हणाल्या, “चौबळजी, आप भी तो सीख रहे थे न? आप ही बता दीजिए.”

“मॅडम, माझ्याविरुद्धचंच प्रकरण आहे,” चौबळ हिंदीत म्हणाले.

“तर मग तुम्हाला तपशील माहीत असेलच.”

चौबळांनी भानुमतीला खुणेने विचारलं, चालेल का. तिने क्षणभर विचार करून मान डोलावली, आणि खुणा करायला लागली. सावकाश, त्यांना येतील तेवढ्याच शब्दांत.

“त्या म्हणतात की,” चौबळांनी सुरुवात केली. भानुमतीने टेबलावर टकटक केली. दुभाष्याने ‘त्या म्हणतात’ म्हणायचं नसतं, ‘मी’ म्हणायचं असतं, हे तिनेच पाचव्या बुधवारी शिकवलं होतं. आणि चौबळांच्या लक्षात आलं, की ती त्यांचे ओठ वाचते आहे. शब्द न् शब्द. मिशी असती तर दोन-तीन वाक्यं आतल्या आत खाता आली असती.

“मी आठ वर्षं या मजल्यावर काम करते,” चौबळ म्हणाले. “तीन वर्षं माझे अधिकारी जाता जाता मला काहीतरी सांगायचे. मला त्यांची मिशी हललेली दिसायची. मिशी थांबली की मी मान हलवायची. मग ते पुढे जायचे, आणि मी शेजारच्या टेबलावर विचारायची, साहेब काय म्हणाले. कधी शेजारी कुणी नसायचं.”

चौबळांना घाम फुटला होता.

“त्यांनी माझ्याबद्दल लिहिलं की ऐकत नाही. ते बरोबर होतं, मॅडम. कुणीतरी ऐकत नव्हतं. फक्त त्यांनी ते माझ्या कागदावर लिहिलं.”

मॅडमनी चष्मा काढला. “कार्यवृत्तात नाव हवं. हे अधिकारी कोण?”

“मी,” चौबळ म्हणाले.

समितीतले दुसरे सदस्य, जे आतापर्यंत टिपणं घेत होते, त्यांनी पेन थांबवलं. “मी म्हणजे भानुमती, की मी म्हणजे तुम्ही? कार्यवृत्तात काय लिहू?”

“मी म्हणजे मी. चौबळ. हे तिचं नाही, माझं वाक्य आहे. ती जे म्हणाली ते खरं आहे, हेही माझंच.”

भानुमतीने आणखी एक छोटी खूण केली. चौबळ तोवर रुमालाने चेहरा पुसत होते.

निर्णय तिथेच झाला. उशीर माफ, तिन्ही शेरे रद्द, बढतीसाठी नाव पुढच्या यादीत. आणि श्री. चौबळ यांना लेखी समज देण्यात यावी. हे सगळं भानुमतीला सांगण्याचं काम अर्थातच दुभाष्याकडे आलं. चौबळांनी आनंदाचा भाग झटकन सांगितला. ‘लेखी समज’ची खूण त्यांना येत नव्हती, म्हणून त्यांनी एकेक अक्षर बोटांनी जुळवून स्वतःला मिळालेली समज तिला सांगितली. तिने मान हलवून ती पुन्हा करायला लावली. दुसऱ्यांदा केल्यावर एक अक्षर दुरुस्त करून तिसऱ्यांदा. शिकवणं म्हणून की आणखी कशासाठी, हे तिच्या चेहऱ्यावरून आजही कळेना. अण्णासाहेबांना हे सांगायची गरज नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांना कळणारच होतं, आणि अवर सचिवाच्या यादीचं काय होणार हेही तेच आपल्याला सांगणार होते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर भानुमतीने वही मागितली. लिहिलं, ‘शेवटचं एक वाक्य तुम्ही गाळलंत.’

चौबळ दचकले. एवढं सगळं सोसून वर भाषांतरात चूक. “कोणतं? थांबा, अजून आत सगळे आहेत, कार्यवृत्तात दुरुस्ती करून घेऊ.” ते दाराकडे वळलेसुद्धा. तिने त्यांच्या कोपराला धरून मागे ओढलं.

‘ते समितीसाठी नव्हतं,’ तिने लिहिलं.

“मग?”

तिने वही मिटली आणि तीच खूण पुन्हा केली, आत केली होती तशीच, छोटीशी. तीन भाग होते. पहिला ‘आता’ असावा. दुसरा ‘तुम्ही’. तिसरा, बोट कानाकडे नेऊन केलेला, चौबळांना येत नव्हता. त्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, “परत?” तिने परत केली. तिसरा भाग पुन्हा हातातून निसटला. लिहून द्या म्हणून त्यांनी वहीकडे बोट केलं, तर तिने वही पाठीमागे धरली.

मग तिने बोटांनी तीन वाजल्याची खूण केली, आणि बुधवारची.

उपक्रमाची मुदत गेल्या आठवड्यातच संपली आहे, पुढे चालू ठेवायचं तर वरून मुदतवाढ घ्यावी लागेल, हे सांगायला चौबळांनी तोंड उघडलं. आणि तिने वाचायच्या आत मिटून घेतलं.